रोटच्या आधीचे आठ दिवस: जर्मनीत पोचल्यावर सराव किती करायचा?

प्रश्न बराच लांब होता, इथे थोडक्यात मांडते. विचारणारे पुण्याचे आहेत, वय त्रेचाळीस. गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन, दोनदा केली आहे आणि आता जर्मनीत रोटला पहिल्यांदाच पूर्ण अंतर (३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि मॅरेथॉन, सलग) करणार आहेत. रेस जुलैच्या पहिल्या रविवारी आहे. ते रेसच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी दुपारी पोचून एर्लांगेनला मेहुण्याकडे उतरणार. जूनमध्ये ताप आणि पाऊस यांत त्यांचे दोन आठवडे बुडाले. म्हणून तिथे पोचल्यावर रविवारी १८० किमीचा अख्खा सायकलमार्ग, मंगळवारी २८ किमी धावणं आणि गुरुवारी कालव्यात ३.८ किमी पोहणं असा त्यांचा बेत आहे. वेटसूट (गार पाण्यात पोहताना घालायचा रबरी सूट) ऑनलाइन मागवलाय, पण तो आतापर्यंत एकदाच घातलाय आणि तोही घरी, पंख्याखाली उभं राहून. शेवटी विचारतात, "हे जास्त होतंय का? आणि शाकाहारी माणसाने तिकडे खायचं काय?"

जास्त होतंय, आणि बरंच जास्त. पण नुसतं 'कमी करा' म्हणून थांबले तर तुम्ही ऐकणार नाही, कारण हा बेत सरावाचा नाहीच, वसुलीचा आहे. दोन आठवडे बुडाले, ते वसूल करायचेत. व्हिसा, तिकीट, रेसची फी आणि सायकलच्या खोक्याचं विमानभाडं मिळून लाखांत गेले, तेही वसूल व्हायला हवेत. दहा वर्षं लोकांना रेससाठी तयार करतेय, त्यात हीच वसुली सगळ्यात जास्त वेळा नडलेली पाहिली आहे. कमी सराव झालेला माणूस सहसा सावकाश का होईना, पण रेस पूर्ण करतो. शेवटच्या आठवड्यात वसुलीला निघालेल्याचं मात्र सांगता येत नाही.

आधी हिशोब बघू. आज केलेल्या कष्टाचं शरीरात ताकदीत रूपांतर व्हायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. रविवारच्या १८० किमीचा फायदा रेस उरकल्यावर कधीतरी मिळेल, थकवा मात्र लगेच जमा होईल. २८ किमी धावल्यावर मांड्यांच्या स्नायूंची जी बारीक झीज होते ती पाच दिवसांत पुरती भरून येईल याची खात्री नाही, त्यातून चाळिशीनंतर तर नाहीच. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचं एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणायचं, पण वेगाची चव ठेवायची आणि आठवड्यातल्या सत्रांची संख्याही फार घटवायची नाही, अशी टेपरची, म्हणजे रेसआधी सराव उतरवत नेण्याची, सर्वमान्य पद्धत आहे. दिवसच्या दिवस लोळून काढले तरी पाय जड होतात, हेही खरं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ठामपणे सांगते. फ्रँकफर्टच्या रेससाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा घरमालकांचा सायकलींचा गट होता. बुधवारी ते म्हणाले, चला, टाउनसच्या डोंगरात जाऊन येऊ. रस्ते लोण्यासारखे, खड्डा नावाला नाही, दोन्ही बाजूंना चेरीची झाडं. खडकवासल्याच्या ट्रकांमधून वाट काढत सराव करणाऱ्या बाईला असा रस्ता मिळाल्यावर काय होणार? १३० किमी झाले आणि चढावर मी त्यांच्या पुढे होते. रविवारी रेसमध्ये सायकल संपता संपता लक्षात आलं की टाकी रिकामी आहे. फ्रँकफर्टला माइन नदीच्या काठाने चार फेऱ्या धावायच्या असतात. त्यातली दुसरी फेरी मी चालत सुरू केली आणि चौथीही चालतच संपवली. रोमरबर्गच्या चौकात पोचले खरी, पण बुधवारच्या त्या चढाची किंमत मी मिनिटांत नाही, तासांत मोजली.

तुमच्या बुडालेल्या दोन आठवड्यांची तेवढी भीती बाळगू नका. महिन्यांच्या तयारीवर दोन आठवड्यांच्या खंडाने फार फरक पडत नाही. त्यावर उपाय रेसच्या दिवशीच करायचा: सायकलवर ठरवलेल्या वॉटपेक्षा (पॅडलवर लावायच्या जोराच्या मापापेक्षा) पाच टक्के कमी लावा आणि धावण्याचे पहिले दहा किमी लाज वाटेल इतके सावकाश काढा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर कमीजास्त होईल. ताप उतरून किती दिवस झाले आणि सकाळची विश्रांतीची नाडी पूर्वपदावर आली का, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती अजून सात-आठ ठोके वर असेल, जिना चढताना धाप लागत असेल किंवा छातीत खोकला असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तसं असेल तर खालचं वेळापत्रक विसरा. दुसरं, पावसामुळे जूनचा सराव घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, झाला असेल आणि रस्त्यावर सायकल चालवून महिना उलटला असेल, तर पाय तयार असतील, पण हात आणि डोळे नसतील. तिसरं, बायको-मुलं सोबत आहेत का? त्यावर पुढे येते.

माझ्या मते या आठ दिवसांचं काम एकच: रेसच्या दिवशी जे जे पहिल्यांदा घडणार आहे, ते आधी एकदा घडवून आणणं. गोव्यात मिरामारच्या कोमट समुद्रात वेटसूटशिवाय पोहलेल्या आणि डावीकडून सायकल चालवलेल्या माणसासाठी रोटमध्ये अशा 'पहिल्यांदा' गोष्टी खूप आहेत.

त्यातली सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे रस्त्याची बाजू. तिथे उजवीकडून चालवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रेसमध्ये याचा अर्थ असा की तुम्ही उजव्या कडेला राहायचं आणि पुढच्याला डावीकडून ओलांडायचं, म्हणजे गोव्याच्या बरोब्बर उलट. सहा तासांच्या सायकलिंगमध्ये मेंदू दमला की जुनी सवय वर येते, माणूस नकळत डावीकडे सरकतो, मागून चाळीसच्या वेगाने येणारा जर्मन ओरडतो आणि वाट अडवल्याबद्दल पंचही कार्ड दाखवू शकतो. पाण्याच्या टेबलांचंही तसंच. स्वयंसेवक उजवीकडे उभे असतात, म्हणजे बाटली उजव्या हाताने घ्यायची आणि त्या क्षणी ब्रेकवर फक्त डावा हात. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, काहींना डावा. तुमचा डावा लिव्हर कोणतं चाक धरतो हे आजच बघा. मेहुण्याला रस्त्याच्या कडेला बाटली घेऊन उभं करा आणि वीस वेळा ती उजव्या हाताने घ्या. हसतील शेजारी, हसू देत.

सरावाला रस्त्यावर निघाल तेव्हा आणखी दोन गोष्टी. गावातल्या छोट्या चौकात कसलीही पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तिथले चालक यावर इतके विसंबून असतात की ते बघतही नाहीत, थेट येतात. आणि निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली, तर त्या सायकलमार्गावरूनच जायचं. शेजारच्या रस्त्यावर घुसलात तर मागची गाडी हॉर्न वाजवून तुमची शाळा घेईल. एरवी मात्र गावाबाहेर सायकलला ओलांडताना दोन मीटर अंतर ठेवण्याचा तिथे नियम आहे आणि बहुतेक लोक तो पाळतात. पुण्याहून गेलेल्याला पहिल्या दिवशी तेच विचित्र वाटतं.

सायकल खोक्यातून काढून जोडणं हे शनिवारचं नाही, रविवार सकाळचं काम. सीटपोस्टवर आणि हँडलवर पुण्यातूनच टेपने खुणा करून न्या. डिस्क ब्रेक असतील तर चाकं काढल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड जिथे बसतात तिथे) प्लास्टिकचा तुकडा किंवा पुठ्ठ्याची घडी घाला. एका विद्यार्थ्याने चाक नसताना सहज लिव्हर दाबला, पॅड एकमेकांना चिकटले आणि दोन तास स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्या छोट्या पट्टीला लागतो ते हँगर प्रवासात हमखास वाकतं. ते प्रत्येक सायकलचं वेगळं असल्यामुळे जास्तीचं सोबत ठेवा, तिथे तुमच्या मापाचं मिळेलच असं नाही. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटूच्या नळ्या विमानतळावर अडकण्याची शक्यता मोठी, त्या तिथे विकत घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. काही बिघाड असेल तर सोमवारीच दुकान गाठा. गुरुवारनंतर रोटच्या आसपासच्या प्रत्येक सायकल-दुकानात तुमच्यासारखे शंभर जण रांगेत असतील.

आता पाणी. तुमची खरी परीक्षा इथे आहे, सायकलवर नाही. रोटला माइन-डॅन्यूब कालव्यात पोहायचं असतं. पाणी जुलैच्या सुरुवातीला बहुधा विशीच्या थोडं वर असतं. एज-ग्रुपसाठी, म्हणजे वयोगटांत उतरणाऱ्या हौशी स्पर्धकांसाठी, वेटसूटची मर्यादा साधारण २४.५ अंश असते, त्यामुळे तो घालायला मिळेल असं धरून चला. पण नव्या वेटसूटमध्ये पहिल्यांदा थंड पाण्यात उतरलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाचं मी एकच बघितलंय: छाती आवळल्यासारखी होते, चेहऱ्याला गार पाणी लागताच श्वास उथळ होतो आणि तीस मीटरवर माणूस उताणा होऊन आकाशाकडे बघत राहतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, मात्र हे रविवारी सकाळी साडेसहाला शेकडो लोकांच्या मध्ये व्हायला नको.

म्हणून पुण्यात उरलेल्या दिवसांत तलावावर परवानगी काढून दहा मिनिटं तरी तो सूट घालून पोहा. त्याहून जास्त नको, आपल्या तलावाच्या पाण्यात तो घालणं म्हणजे कुकरमध्ये बसणं. घालताना पायापासून थोडं थोडं वर ओढत या. काखेत आणि खांद्यावर सैलसर पाहिजे, कारण तिथे ताणलेलं रबर प्रत्येक हाताबरोबर ओढत राहतं आणि दोन किमीला खांदे भरून येतात. नख लागून फाटू नये म्हणून पातळ हातमोजे. मानेला भरपूर व्हॅसलीन किंवा घर्षण-रोधक मलम; विसरलात तर रेसनंतर आठवडाभर कॉलरचा शर्ट घालता येणार नाही.

तिथे पोचल्यावर कालव्यात स्वतःच्या मनाने उतरू नका. तो जहाजांचा रस्ता आहे. रेसच्या सकाळी वाहतूक थांबवतात म्हणून आपण पोहतो. सरावासाठी रोट आणि हिल्पोल्टस्टाइन यांच्या मधला रोटझे तलाव उत्तम. तिथे किनारे आहेत, पाण्यात उतरायला सोपं आहे आणि त्या आठवड्यात तुमच्यासारखे बरेच जण असतात. एकट्याने नको, आणि कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधा. आधी कमरेपर्यंत उभे राहा, चेहऱ्यावर पाणी मारा, गळ्यापाशी सूट ओढून थोडं पाणी आत घ्या म्हणजे अंगाच्या उबेने ते कोमट होतं, मग पाच मिनिटं नुसतं तरंगत श्वास सोडा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरेत. दुसऱ्यांदा अर्धा तास, त्यात चार-पाच वेळा पन्नास हात जोरात. ३.८ किमीची गरज नाही, ते अंतर तुम्हाला येतं. एक चांगली बातमी: कालवा सरळ असल्यामुळे श्वास घेताना काठ दिसतो आणि दिशा चुकण्याची भीती जवळपास नाही. गोव्याच्या लाटांत तुम्ही जे केलंय त्यापुढे हे सोपं आहे, फक्त गार आहे.

झोपेबद्दल माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. पुण्यात पाचला उठत असाल, तर पहिल्या रात्री तिथे दीडलाच डोळे उघडतील. लोक वैतागतात आणि जबरदस्तीने रात्री अकरापर्यंत जागून 'तिथल्या वेळेवर' यायला बघतात. पण तुमची रेस साडेसहाच्या सुमाराला सुरू होते आणि एर्लांगेनहून निघायचं तर तीनला उठावं लागणार. मग शरीर अर्धं पुण्याच्या घड्याळावर राहिलं तर बिघडलं कुठे? सोमवारपासून आठला अंथरुणात, साडेतीन-चारला उठणं, एवढंच जमवा. अडचण उजेडाची आहे. तिथे जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि पहाटे सव्वापाचला उगवतो. जर्मन घरांच्या खिडक्यांना बाहेरून खाली ओढायच्या पट्ट्यांचे पडदे असतात, रोलाडेन म्हणतात. ते पूर्ण खाली करा, मिट्ट काळोख होतो. आणि शनिवारी रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका, कोणालाच लागत नाही. गुरुवार आणि शुक्रवारची झोप मात्र जपा.

आता खाणं. तुम्ही शनिवारी पोचताय आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सुपरमार्केट बंद. एखादी बेकरी सकाळी उघडी असते आणि मोठ्या रेल्वे स्टेशनात काही मिळतं, बाकी शुकशुकाट. इतर दिवशीही बव्हेरियात दुकानं रात्री आठला मिटतात. मेहुण्याला शुक्रवारीच यादी पाठवा. इथून मेतकूट, पोहे, साधे मसाले, भाजणी, खजूर, गुळाची चिक्की न्यायला हरकत नाही. तुपाची बरणी, पेढे, पनीर मात्र नको. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. तुमचे नेहमीचे जेल आणि इलेक्ट्रोलाइट चेक-इन सामानात भरा. रेसमध्ये जे वाटतात ते पोटाला मानवलं तर ठीक, पण तिथे पहिल्यांदा चव घ्यायची नाही.

दह्याला तिथलं साधं योगुर्ट चालतं. क्वार्क नावाचा चक्क्यासारखा प्रकार मिळतो, प्रथिनांसाठी झकास, साखर घालून खाल्ला तर श्रीखंडाची आठवण येते. तांदळाबद्दल सावध राहा: 'मिल्शराइस' लिहिलेला गोल तांदूळ खिरीचा असतो, त्याचा भात गिच्च होतो. बासमती सगळीकडे मिळतो. पाण्याची बाटली घेताना ती बुडबुड्यांची नाही ना हे बघा, 'श्टिल' लिहिलेली घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याने सोड्यासारखं पाणी सायकलच्या बाटलीत भरलं, खडबडीत रस्त्यावर झाकण उडालं आणि इलेक्ट्रोलाइट चष्म्यावर. खरं तर बाटली घ्यायचीच गरज नाही, तिथे नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

आणि पाव. जर्मन लोकांना आपल्या काळ्या, दाणेदार, जड पावाचा सार्थ अभिमान आहे. सोमवारी, मंगळवारी मनसोक्त खा. गुरुवारपासून त्याला हात लावू नका. त्यातला कोंडा शेवटच्या दोन-तीन दिवसांत आतड्यात नको, हे कारण तुम्हाला धावताना तिसऱ्या किमीला कळण्याऐवजी आत्ताच कळलेलं बरं. त्याच न्यायाने मोड आलेली कडधान्यं, कच्ची कोशिंबीर, छोले बंद. शुक्रवार-शनिवार किलोमागे आठ ते दहा ग्रॅम कर्बोदकं लागतात. तुमचं वजन सत्तर धरलं तर दिवसाला ५६० ते ७०० ग्रॅम. पाव किलो कच्च्या तांदळात जेमतेम १९५ ग्रॅम असतात, म्हणजे नुसत्या मेतकूट-भातावर हे जमणार नाही, पोट फुटेल. भात दोन वेळा, पांढरा टोस्टचा पाव आणि जॅम, केळी, सफरचंदाचा गाळलेला रस, खजूर दोन-चार, आणि ब्रेत्सेल. हा खारा, पीळ दिलेला पाव म्हणजे मैदा आणि मीठ, आपल्या कामाचा अगदी. हे खाणं दिवसभर थोडं थोडं, शनिवारी रात्रीचं जेवण लहान आणि सहाच्या आत. दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढेल, कारण शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम कर्बोदकाबरोबर तिपटीच्या आसपास पाणी साठतं. ते वजन पाहून जेवण कमी करणारे लोक मी पाहिलेत.

तर प्रत्यक्ष आठवडा असा बसवा. शनिवारी पोचल्यावर संध्याकाळी उजेडात अर्धा तास चाला, बस. रविवारी सायकल जोडून चाळीस मिनिटं, फक्त गिअर, ब्रेक आणि उजवी बाजू तपासायला. तुमच्या सुदैवाने तोच माइन-डॅन्यूब कालवा एर्लांगेनवरूनही जातो. सोमवारी सकाळी त्याच्या काठच्या वाटेवर पस्तीस मिनिटं हलकं धावा. रोटच्या मॅरेथॉनचा मोठा भागही अशाच कालव्याकाठच्या दाबलेल्या बारीक खडीवर आहे, बुटांची पकड कळेल. सोमवारीच संध्याकाळी मेहुण्याच्या गाडीतून सायकलमार्ग बघून या. १८० किमी म्हणजे एकाच वळसेदार मार्गाच्या जवळजवळ दोन फेऱ्या, एक बघितली की झालं.

मंगळवारी सायकल नेऊन त्या मार्गाचा फक्त अवघड तुकडा चालवा, ग्रेडिंगचा काल्व्हारियनबर्ग चढ आणि त्या परिसरातला नागमोडी उतार. दीड तास पुरे. चढ लवासा-सिंहगडवाल्याला किरकोळ वाटेल, उतार मात्र टाइम ट्रायल सायकलवर (पुढे वाकून चालवायच्या रेसच्या सायकलवर) उजव्या बाजूने वळणं घेत उतरायचा आहे, म्हणून तो दोनदा करा. हिल्पोल्टस्टाइनचा प्रसिद्ध सोलारर बर्ग मंगळवारी बघून तुम्ही म्हणाल, हेच का ते? रेसच्या दिवशी तिथे माणसांच्या भिंतीतून जेमतेम एका सायकलीची फट उरते आणि नाडी न विचारता वीस ठोके चढते. मीटर बघा आणि वॉट आवरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांची निम्मी घाई तिथेच होते.

बुधवारी रोटझेवर पहिलं पोहणं आणि बाकी आराम. गुरुवारी एक तास सायकल, त्यात रेसच्या वेगाची पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे, उतरून लगेच पंधरा मिनिटं धावणं. शुक्रवारी दुसरं पोहणं, नोंदणी, बिब (छातीवरचा क्रमांक) आणि सामानाच्या पिशव्या. प्रदर्शनात पाऊण तासापेक्षा जास्त फिरू नका, तिथल्या झळाळत्या नव्या बुटांकडे तर बघूच नका. शनिवारी सकाळी वीस मिनिटं सायकल, दहा मिनिटं धावणं, मग सायकल जमा करायला. रोटला पोहण्यानंतरचं ट्रान्झिशन (कपडे आणि सामान बदलायची जागा) कालव्यापाशी आणि सायकलनंतरचं रोट गावात, अशी दोन वेगळी ठिकाणं आहेत. कोणती पिशवी कुठे आणि कधी द्यायची हे गाईडमधून कागदावर उतरवून घ्या, डोक्यात ठेवू नका.

हवामानाबद्दल एवढंच की सकाळी बारा अंश आणि दुपारी तीस असं एकाच दिवशी होऊ शकतं. २०१९ च्या फ्रँकफर्टला पारा चाळिशीच्या घरात गेला होता आणि महिलांत आघाडीवर असलेली सारा ट्रू शेवटच्या किलोमीटरच्या आसपास कोसळली. २०१८ मध्ये हॅम्बुर्गला निळ्या-हिरव्या शेवाळामुळे पोहणंच रद्द करून त्याऐवजी धावायला लावलं. दोन्हींची मनाची तयारी असू द्या. तिथली हवा कोरडी, घाम वाळून जातो, त्यामुळे आपल्याला वाटतं घाम येतच नाही. मीठ-पाणी घड्याळ लावून घ्या. गवतात बसलात तर संध्याकाळी पायांवर गोचिडी शोधा, बव्हेरियात त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका सांगतात. साधी पॅरासिटामॉलही तिथे औषधाच्या दुकानातच मिळते, सुपरमार्केटमध्ये नाही, म्हणून नेहमीची औषधं चिठ्ठीसह न्या. आणि रेसमध्ये आयबुप्रोफेन घेऊ नका, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

घरचे सोबत असतील तर पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. न्युरेंबर्गचा किल्ला सुंदर आहे, दगडी रस्त्यांचा चढही सुंदर आहे आणि मुलांबरोबर तिथे वीस हजार पावलं कधी होतात कळत नाही. तो सोमवारी रेस झाल्यावर, लंगडत का होईना, बघा. आधीच्या आठवड्यात मेहुण्याने त्यांना फिरवावं, तुम्ही घरी पाय वर करून बसावं. अपराधी वाटेल. बसा.

शेवटचं शनिवारचं काम. रेसच्या दिवशीही रविवारच असतो आणि तुम्ही रात्री उशिरा एर्लांगेनला परतणार, तेव्हा सगळं बंद. दुपारी सायकल जमा करून येताना दही, केळी आणि बिनअल्कोहोलच्या गव्हाच्या बिअरच्या दोन बाटल्या घेऊन फ्रिजमध्ये ठेवा. आणि मेहुण्याला सांगून ठेवा, रविवारी रात्री वरण-भात हवा, लिंबू पिळून, तूप त्यांच्याकडचं.